झोपेत गेलेली सरहद्द

बाबांचा पहिला प्रश्न चॉकलेटबद्दल नव्हता.
"शीम खंय लागली?"
कुळें स्टेशनचा बाक, माझी बॅग अजून चाकांवर उभी,
पलीकडे दूधसागरच्या जीपवाल्यांचा गलका,
आणि एक माकड आर्मिंदाच्या पिशवीवर डोळा ठेवून.

लागलीच नाही, बाबा.
लिस्बनहून निघालो, व्हिएन्नाला पोचलो,
मधे किती देश ते आर्मिंदाने वहीत लिहिलंय.
रात्री एका देशात डोळा लागायचा
आणि उजाडलं की दुसऱ्याच देशाच्या गायी
खिडकीतून आमच्याकडे बघत असायच्या.
फोन तेवढा थरथरायचा: आपले स्वागत आहे,
मिनिटाला इतके पैसे.

"सगळ्यांक सकयल देंवयले नात?"
नाही.
"ट्रंका?"
कुणी उघडल्या नाहीत.
"गार्द तरी?"
एक पोरगा आला, कानात बाळी,
तिकीट बघून म्हणाला, झोपा आता.

बाबा गप्प.
बारा वर्षांचे असताना ह्याच फलाटावर
ते लोकांच्या ट्रंका उतरवत.
कॅसलरॉकला एक सरकार संपायचं, इथे दुसरं सुरू व्हायचं,
मधल्या रानात गाडी कुणाचीच नसायची,
बोगद्यात तर देवाचीसुद्धा नाही, असं ते सांगतात.
आल्फांदचं टेबल वरातीच्या पंगतीएवढं लांब.
त्यावर लुगड्याच्या घडीतून घड्याळ निघायचं,
बेळगावी कुंद्यातून चिठ्ठी.
एका बाईच्या दादल्याचा फोटो,
शिपायाने त्याची चौकट नखाने उचकटली.
मागे काहीच नव्हतं.
पुन्हा बसवताना फोटो तिरपा बसला.
ती रडली नाही,
तसाच तिरपा छातीशी धरून डब्यात चढली.
बाबांना त्या दिवशी एक तांगा मिळाला.
तांग्याचं काय घेतलं ते आठवत नाही.
तिरपा माणूस आठवतो.

पुढे ते गँगमन झाले.
तीस-बत्तीस वर्षं दोन रुळांमधलं अंतर मोजलं
आणि निवृत्तीच्या तोंडावर ते अंतरच बदललं.
मीटर गेज उखडला, भंगारात गेला.
त्यांची मापपट्टी आता परसात
तोंडल्याच्या वेलाला आधार देते.

"रूळ केद्दे रुंद थंय?"

हे मला ठाऊक होतं. त्यांच्यासाठीच विचारून घेतलं होतं.
पोर्तुगालात, स्पेनात आपल्या ब्रॉड गेजएवढे,
करंगळीइतकाही फरक नाही.
फ्रान्समध्ये अरुंद.
त्यामुळे इरूनपाशी गाडी बदलावी लागते,
भर पावसात,
जिना चढा, जिना उतरा,
आर्मिंदाने त्या जिन्यावर सगळे संत काढले,
एकालाही सोडलं नाही.

बाबांच्या चेहऱ्यावर मग हळूहळू काहीतरी उगवलं,
दूरवरचा सिग्नल पडताना दिसावा तसं.
"म्हळ्यार शीम आसा," ते म्हणाले.
"कागदार ना. रुळांत आसा."
आणि बोटांनी बाकावर ते दोन रुंदपणे मांडून पाहिले,
एक वीत इकडे, एक वीत तिकडे.

मालगाडी आली. ती जाईपर्यंत कुणी बोललं नाही.
वाघिणी मोजायची त्यांची सवय गेलेली नाही,
ओठ हलत होते.
छप्पन्न का सत्तावन्न, ह्यावर ते थोडे अडले.

"आनी बॅगो कोणें उखलल्यो? थंय, पावसांत?"
आम्हीच, बाबा. तिथे हमाल नसतात.

हे मात्र त्यांना पटलं नाही.
शिमेवर माणूस उतरतो आणि ओझं घ्यायला कुणी नाही?
ते उठले. चौऱ्याऐंशी वर्षांचे.
नको नको म्हणेपर्यंत माझी बॅग
चाकांसकट त्यांच्या खांद्यावर होती.
मी मागून चालले.
माकड बाजूला झालं.
चाकं वर हवेत, सावकाश फिरत.